घाम आणि ताप : आयुर्वेदातील एक जुने नाते आणि चांदा-गडचिरोलीचे रान

१/ "घाम फुटला, आता ताप उतरेल." आजारी माणसाच्या कपाळावर हात ठेवून हे वाक्य उच्चारणारी आजी महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत होऊन गेली आहे. या वाक्यामागे दीड-दोन हजार वर्षांचा वैद्यकीय विचार उभा आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात मात्र याच वाक्याने पिढ्यान्‌पिढ्या माणसांना फसवलेही आहे. ते कोठे खरे ठरते आणि कोठे घात करते, याचा इतिहास या धाग्यात पाहू.

२/ प्रथम भूमी ओळखू. वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमातून प्राणहिता होते, ती सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते आणि थोडे पुढे इंद्रावतीही येऊन मिसळते. साग-बांबूची दाट वने, धानाच्या बांध्या आणि जुने मालगुजारी तलाव ही या झाडीपट्टीची खूण. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा होईपर्यंत हा सारा मुलूख एकाच जिल्ह्यात होता. इंग्रजी अमदानीत त्याचे नाव होते चांदा. पाऊस, साचलेले पाणी आणि रान यांच्या सोबतीने येथे दरवर्षी येणारा पाहुणा म्हणजे हिवताप.

३/ ठरावीक दिवसांनी परतणाऱ्या तापाची भारतीय वाङ्मयातील ओळख फार जुनी. अथर्ववेदात 'तक्मन्' नावाच्या तापाला उद्देशून सूक्ते आहेत. तो कधी थंडी घेऊन येतो, कधी दाह; कधी दुसऱ्या दिवशी परततो, कधी तिसऱ्या. त्याला दूरदेशी निघून जाण्याची विनवणी केलेली आहे. उपाय मंत्राचा असला, तरी त्यामागचे निरीक्षण रुग्णाच्या उशाशी बसून केलेले आहे.

४/ पुढे चरक आणि सुश्रुत या संहितांनी ज्वराला सर्व रोगांत अग्रस्थान दिले. पुराणकथेनुसार दक्षयज्ञाच्या प्रसंगी रुद्राच्या क्रोधातून ज्वर जन्मला. जन्माच्या वेळी आणि मृत्यूच्या वेळी तो प्रत्येक प्राण्याला गाठतो, असेही हे ग्रंथ मानतात. कथा सांगून झाली की मात्र ग्रंथकार कथेपाशी थांबत नाहीत. ज्वर ओळखायचा कसा, हा व्यवहाराचा प्रश्न ते हाती घेतात.

५/ सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ज्वराची जी व्याख्या आहे, तिच्यात तीन लक्षणे एकाच वेळी असावी लागतात : घाम अडणे, अंग तापणे आणि सर्वांग धरल्यासारखे होणे. सुमारे सातव्या-आठव्या शतकातील माधवकराने आपल्या 'माधवनिदान' या ग्रंथात हीच व्याख्या घेतली आणि ती वैद्यांच्या पाठांतरात रुजली. यातील क्रम लक्षात घ्यावा. उष्णतेच्याही आधी घामाच्या अडण्याचा उल्लेख आहे.

६/ घाम का अडतो? चरकसंहितेचे स्पष्टीकरण असे : बिघडलेले दोष आमाशयात शिरतात, तेथील उष्म्याशी मिसळतात, अन्नरसाच्या मागोमाग जाऊन रस आणि घाम वाहून नेणाऱ्या वाटा बंद करतात. जठराग्नी आपल्या जागेवरून ढळतो आणि त्याची उष्णता अंगभर पसरते. आपल्या भाषेत सांगायचे तर चुलीतला विस्तव कोणी घरभर विखुरला. हंडीतले अन्न कच्चेच राहिले आणि घर मात्र तापले. तापात भूक मरते आणि अंग पोळते, या दोन्ही गोष्टी या एका चित्रात बसतात.

७/ घाम वाहून नेणाऱ्या वाटांना संहितेत 'स्वेदवह स्रोतस' म्हणतात. त्यांचे मूळ मेद आणि रोमकूप, म्हणजे त्वचेवरील केसांची छिद्रे, असे मानले आहे. घाम हा मेदाचा मल. मूत्र आणि पुरीष यांच्याप्रमाणे तो वेळच्या वेळी बाहेर पडायला हवा. नव्या, म्हणजे तरुण, ज्वरात वाटा बंद असल्याने आणि अग्नी स्थानभ्रष्ट झाल्याने रुग्णाला प्रायः घाम येत नाही, असे चरकसंहिता स्पष्ट सांगते. यातील 'प्रायः' हा शब्द ध्यानात ठेवावा. तो पुढे उपयोगी पडणार आहे.

८/ निदान असे असेल, तर उपाय त्यातूनच निघतो. नव्या ज्वरासाठी चरकाने पाच गोष्टी सांगितल्या : लंघन, स्वेदन, काही काळ वाट पाहणे, यवागू म्हणजे पातळ पेज, आणि कडू रस. वात-कफाच्या ज्वरात कोमट पाणी पाजावे, तहान फार असेल तर नागरमोथा, पित्तपापडा, वाळा, चंदन, सुंठ यांसारख्या द्रव्यांनी सिद्ध केलेले पाणी द्यावे. आपल्या घरांतील सुंठीचा काढा, वाफारा आणि घोंगडी ही त्याच विचाराची दूरची नातवंडे म्हणता येतील.

९/ घाम काढण्याचे शास्त्रही किती तपशीलवार होते पाहा. चरकाच्या सूत्रस्थानातील स्वेदाध्यायात अग्नीच्या साहाय्याने घाम काढण्याचे तेरा प्रकार आहेत. कुठे गरम पुरचुंडीचा शेक, कुठे नळीतून सोडलेली वाफ, कुठे तापवलेल्या शिळेवर अंथरूण. 'जेन्ताक' या प्रकारात तर जलाशयाच्या काठी गोल घर बांधायचे, मध्ये भट्टी पेटवायची आणि भिंतीलगतच्या ओट्यावर रुग्णाला झोपवायचे. स्वेदन हा ज्वराखेरीज वाताच्या अनेक विकारांतलाही मोठा उपचार होता.

१०/ तरीही 'घाम काढा म्हणजे झाले' असे संहिता म्हणत नाही. पित्ताचा जोर असलेला, मद्य प्यालेला, अतिसार झालेला माणूस, गर्भवती स्त्री अशा अनेकांना स्वेदन वर्ज्य आहे. घाम अति निघाला तर तहान, दाह, मूर्च्छा आणि अशक्तपणा येतो, असा इशारा आहे. नेमके कोठे थांबावे, हेही सांगितले आहे : थंडी आणि वेदना शमल्या, जडपणा व ताठरपणा गेला, अंग मऊ झाले आणि घाम आला, की पुरे.

११/ आता एक चुरशीचा शास्त्रार्थ. 'घाम अडणे' हे ज्वराचे लक्षण धरले, तर पित्तज्वराचे काय करायचे? त्यात रुग्णाला घाम येताना दिसतो. मग व्याख्या मोडते की काय? माधवनिदानाच्या टीकापरंपरेत यावर दोन उत्तरे आढळतात. पहिले : घाम अडणे हे 'प्रायः' घडते, सर्वत्र नव्हे. दुसरे अधिक चतुर : येथे 'स्वेद' म्हणजे घाम नव्हेच, तर ज्याच्यामुळे स्वेदन होते तो अग्नी. म्हणून व्याख्या अग्नीच्या अडण्याविषयी आहे. रुग्णाच्या अंगावर दिसणाऱ्या घामाने एका सूत्रवचनाला प्रश्न विचारला आणि टीकाकारांना त्याचे उत्तर द्यावे लागले.

१२/ घाम येतो आणि तरी ताप जात नाही, अशा अवस्थाही संहितांनी वेगळ्या नोंदवल्या. ज्वर मेदधातूत पोचला की खूप घाम, तीव्र तहान, बडबड, वारंवार उलटी आणि स्वतःच्याच अंगाचा वास असह्य होणे ही लक्षणे सांगितली आहेत. 'प्रलेपक' नावाच्या ज्वरात मंद ताप राहतो आणि अंग घामाने लिंपल्यासारखे होते. हा ताप शोषाच्या, म्हणजे क्षीण होत जाणाऱ्या, रुग्णांशी जोडलेला आहे. येथे घाम सुटकेची खूण नसून आजार खोल गेल्याची खूण ठरतो.

१३/ आणि मग येतो आपल्या रानाचा ताप : विषमज्वर. त्याचे पाच प्रकार : सलग राहणारा संतत, दिवसरात्रीत दोनदा चढणारा सतत, रोज एकदा येणारा अन्येद्युष्क, एक दिवस सोडून येणारा तृतीयक आणि दोन दिवस सोडून येणारा चतुर्थक. मधल्या दिवशी रुग्ण धडधाकट दिसतो. तेव्हा दोष जातो कुठे? चरकाचे उत्तर एका शेतकऱ्याला सहज पटावे असे आहे. बी जमिनीत पडून राहते आणि आपला काळ आला की उगवते. तसा दोष धातूत दडून राहतो आणि आपल्या वेळी उसळतो.

१४/ काही ज्वरांत आधी थंडी आणि शेवटी दाह का, याचेही विवेचन सुश्रुताने केले : त्वचेतील वात-कफ आधी थंडी आणतात, ते शमले की पित्त दाह करते. आज हिवतापाच्या झटक्याचे जे तीन टप्पे सांगतात, म्हणजे हुडहुडी, ताप आणि घाम, त्यांतील क्रम या वर्णनाशी जुळतो. या जुळणीवरून प्राचीन वैद्यांना परजीवी ठाऊक होते असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. त्यांनी तापाचे वेळापत्रक अचूक टिपले. कारण त्यांच्या दृष्टीपलीकडे होते.

१५/ हा प्रश्न एकट्या भारताचा नव्हता. ग्रीक वैद्यकातही तिसऱ्या आणि चौथ्या दिवसाचे ताप होते, आणि घामाने ताप फुटणे ही निर्णायक घटका मानली जाई. युरोपात रुग्णाला बंद खोलीत पांघरुणांखाली उकडत ठेवण्याची रीत इतकी बोकाळली की सतराव्या शतकात लंडनच्या थॉमस सिडनहॅमने तिच्याविरुद्ध लिहिले. तरी १७३२ मध्ये थॉमस डोव्हरने प्रसिद्ध केलेले अफू आणि इपिकॅकचे घाम आणणारे चूर्ण दीर्घकाळ औषधकोशांत टिकून राहिले. घाम काढून ताप हटवण्याचा मोह सर्वत्र सारखाच होता.

१६/ १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि चांद्याचा मुलूख इंग्रजांच्या हाती आला. गोदावरीतून समुद्रापर्यंत नौका चालवण्याची मोठी योजना त्यांनी आखली. अपर गोदावरी या स्वतंत्र जिल्ह्याचे मुख्य ठाणे सिरोंचा येथे होते. नदीतील खडकांचे अडथळे, वाढता खर्च आणि काठच्या रानातला ताप यांच्याशी झुंजून अखेर १८७१ मध्ये हे काम सोडून देण्यात आले. १८७४ मध्ये तो जिल्हाही मोडला आणि सिरोंचा चांद्याला जोडले गेले. साहेबांच्या लिखाणात या तापाचे नाव 'जंगल फिव्हर' असे येते.

१७/ याच गोदावरीच्या खोऱ्यात एक वृक्ष आहे : रोहन. त्याची साल कडू आणि लालसर. अठराव्या शतकाच्या शेवटी नदीच्या मुखाकडील सामलकोट येथे काम करणारा वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्ग याने तापासाठी सिंकोनाच्या सालीला पर्याय म्हणून हिची चाचपणी केली. वृक्षाच्या शास्त्रीय नावातला 'फेब्रिफ्यूगा' हा शब्द त्याचीच आठवण आहे; अर्थ, ताप पळवणारा. रोहन सिंकोनाची जागा घेऊ शकला नाही. पण ज्वरात कडू रस द्यावा हा संहितेचा नियम आणि युरोपीय वैद्यांचा कडू सालीचा शोध गोदावरीकाठी असे समोरासमोर आले.

१८/ सिंकोनाच्या सालीतून १८२० मध्ये पॅरिसमध्ये पेल्तिए आणि काव्हाँतू यांनी क्विनीन वेगळे केले. १८६० च्या दशकात निलगिरी आणि दार्जिलिंगच्या डोंगरांत सिंकोनाची लागवड सुरू झाली. १८९२ पासून बंगालमध्ये टपाल कचेऱ्यांतून पैशाला एक पुडी या दराने क्विनीन विकले जाऊ लागले आणि ही पद्धत पुढे इतर प्रांतांतही गेली. क्विनीनचे वैशिष्ट्य असे की ते घाम आणण्याच्या मागे लागत नाही. तापाच्या कारणावरच घाव घालते. ते कारण तोवर अज्ञात होते, हा इतिहासाचा विनोद.

१९/ ते कारण सतरा वर्षांत उलगडले. ६ नोव्हेंबर १८८० रोजी अल्जीरियात लावराँ याला रुग्णाच्या रक्तात जिवंत परजीवी दिसले. १८८५-८६ च्या सुमारास इटलीतील गोल्जीने दाखवले की परजीवी वाढून रक्तपेशी एकदम फुटतात, तीच ताप चढण्याची वेळ. तिसऱ्या आणि चौथ्या दिवसाच्या तापाचे कोडे तेथे सुटले. २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉसला सिकंदराबाद येथे डासाच्या जठरभित्तीत हा परजीवी सापडला. त्यासाठी त्याला १९०२ चे नोबेल मिळाले. सिकंदराबाद सिरोंच्याच्या दक्षिणेस, त्याच दख्खनच्या पठारावर.

२०/ मग घामाचे खरे स्थान कोणते? आजचे शरीरशास्त्र सांगते की मेंदूतील तापमान-नियंत्रक केंद्र तापात आपली पातळी वर चढवते. त्या पातळीला पोचेपर्यंत त्वचेतील रक्तवाहिन्या आकसतात, घाम थांबतो, हुडहुडी भरते. पातळी पुन्हा खाली आली की वाहिन्या फुलतात आणि घाम सुटतो. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. म्हणजे ताप चढताना घाम अडतो, हे सुश्रुताच्या व्याख्येतील निरीक्षण खरे. आजीचे वाक्यही खरे. मात्र केंद्राची पातळी उतरू लागली म्हणून घाम येतो. घामामुळे आजाराचे कारण नाहीसे होत नाही.

२१/ आता झाडीपट्टीतल्या एका दिवसाची कल्पना करा. रोवणीचे दिवस आहेत. परवा हुडहुडी भरली, रात्री घाम फुटला, सकाळी अंग हलके झाले. बांधीत चिखल तयार आहे, मजुरी बुडते आहे. माणूस उठतो आणि कामाला जातो. दुसऱ्या दिवशी पुन्हा हुडहुडी. मधला दिवस हा रोगाने दिलेला खोटा दाखला असतो. पावसाळा, रोवणी आणि पुढे कापणी, हाच हिवतापाचा हंगाम. म्हणून 'घाम आला, आता बरा आहे' हा निष्कर्ष या मुलखात सर्वांत महाग पडतो.

२२/ महाग, कारण येथे प्लास्मोडियम फॅल्सिपेरम या जातीचा हिवताप मोठ्या प्रमाणात आहे. या जातीचे परजीवी सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून राहतात. ताप ठरावीक पाळी पाळतोच असे नाही. मेंदूतील वाहिन्यांत अडथळा आला की झटके येतात, शुद्ध हरपते आणि उपचार न मिळाल्यास मृत्यू ओढवतो. घामाने भिजलेला, थोडा शांत झालेला रुग्ण काही तासांत बेशुद्ध होऊ शकतो. लहान मुले आणि गर्भवती स्त्रिया यांना धोका अधिक.

२३/ स्वातंत्र्यानंतर १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम आणि १९५८ मध्ये निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. डीडीटीच्या फवारणीने देशातील रुग्णसंख्या १९६० च्या दशकाच्या मध्यास सुमारे एक लाखावर आली. मग ढिलाई झाली आणि १९७६ मध्ये ती ६४ लाखांवर गेली. त्याच दशकात, डिसेंबर १९७३ मध्ये, बाबा आमटे यांनी भामरागडजवळ हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प उभारला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी माडिया गोंडांच्या त्या मुलखात जे आजार हाताळले, त्यांत हिवताप अग्रस्थानी होता. १९८६ मध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग गडचिरोलीत आले आणि 'सर्च'चे काम तेथे रुजले.

२४/ या मुलखात तापाचा रुग्ण आधी पुजाऱ्याकडे जाई, आजही अनेकदा जातो. रस्ता नसलेल्या पाड्यातून पावसाळ्यात दवाखाना गाठणे म्हणजे फुगलेले नाले ओलांडणे. मधल्या दिवशी ताप उतरलेला असेल तर ती वाट कोण तुडवणार? म्हणून आशा कार्यकर्तीच्या हाती दिलेली रक्तचाचणीची छोटी पट्टी हा या इतिहासातला मोठा टप्पा आहे. रुग्णाला घाम आलेला असो वा नसो, बोटातला रक्ताचा एक थेंब तासाच्या आत उत्तर देतो.

२५/ जुना फसवा घाम नव्या औषधाच्या रूपानेही परत आला आहे. आर्टेमिसिनिन हे द्रव्य १९७० च्या दशकात चीनच्या तू यूयू यांच्या चमूने एका वनस्पतीतून मिळवले. त्याची वाट त्यांना चौथ्या शतकातील एका चिनी वैद्यकग्रंथाने दाखवली. २०१५ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. फॅल्सिपेरमवर आज याच औषधाचा संयुक्त उपचार तीन दिवस देतात. ते इतके झटपट काम करते की दीड दिवसात घाम येऊन अंग मोकळे होते, आणि उरलेल्या गोळ्या फडताळात जातात. जे परजीवी उरतात, त्यांतून आजार उलटू शकतो.

२६/ व्हायव्हॅक्स जातीच्या हिवतापात तर यकृतात दडून राहणारे परजीवी काही आठवडे वा महिन्यांनी पुन्हा जागे होतात. म्हणून आपल्याकडे प्रायमाक्विन चौदा दिवस घ्यायला सांगतात; रुग्णाला यातील बहुतेक दिवस ठणठणीत वाटत असते. जमिनीत पडून राहिलेले आणि आपल्या वेळी उगवणारे बी, ही चरकाची उपमा येथे कोणत्याही आरोग्य कार्यकर्त्याने वापरावी अशी आहे. रुग्णाला चौदा दिवसांचे कारण पटवून देण्यासाठी याहून सोपा दाखला मिळणे कठीण.

२७/ आयुर्वेदातील घाम-ताप संबंधाचा इतिहास एका ओळीत सांगायचा तर असा : वैद्यांनी घामाचे अडणे आणि सुटणे अचूक पाहिले, त्याभोवती उपचार रचला, अपवाद दिसताच व्याख्येशी वाद घातला आणि पाळीने परतणाऱ्या तापाला वेगळे काढले. घरोघरच्या समजुतीत मात्र पहिलाच भाग टिकला. 'प्रायः' हा शब्द आणि विषमज्वराचा इशारा मागे पडला.

२८/ मित्रहो, तुमच्या घरात, विशेषतः चंद्रपूर-गडचिरोलीच्या बाजूला, आजी-आजोबा असतील तर त्यांना पाळीच्या तापाविषयी अवश्य विचारा. कोणती साल उगाळीत, कोणते पान उकळीत, हे लिहून ठेवा. तो आपला इतिहास आहे. आणि थंडी वाजून ताप आला, घाम येऊन उतरला, तरी त्याच दिवशी रक्त तपासून घ्या आणि दिलेल्या गोळ्या शेवटच्या दिवसापर्यंत घ्या.